ऑलिव्ह अंडी देणाऱ्या पिल्लांची हमी कशी द्यायची?

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

"आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये रॅली शहराबाहेर दोन एकर जागेत राहतो. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले असल्यामुळे खुराडे आणि कोंबड्या मला लहानपणापासून परिचित आहेत. तीन वर्षांपूर्वी पशुखाद्याच्या दुकानातून 'अमेरिकाना' म्हणून घेतलेल्या सहा कोंबड्या निळसर-हिरवी अंडी देतात. एका जाणकाराकडून ब्लॅक कॉपर मारान्स या गडद तपकिरी अंड्यांच्या जातीचा कोंबडा आणला आणि त्यांच्या संकराची पिल्ले गेल्या वसंतात 'ऑलिव्ह एगर', म्हणजे पुढे ऑलिव्हसारख्या गडद हिरव्या रंगाची अंडी देणारी, म्हणून विकली. आता दोन ग्राहकांची तक्रार आली आहे की त्यांच्या तलंगा (नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्या) साधी तपकिरी अंडी देऊ लागल्या आहेत. माझे काय चुकले? पुढील हंगामात 200 पिल्ले प्रत्येकी 12 डॉलरला विकण्याचा माझा विचार आहे. कोंबडे मारायचे नाहीत अशी घरातली अट आहे, तर त्यांचे काय करावे? आणि गावी असलेल्या धाकट्या भावासाठी थोडी उबवणीची अंडी सामानातून नेता येतील का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील वर्णनावरून मला जवळजवळ खात्री वाटते की तुमच्या सहा कोंबड्या शुद्ध अमेरॉकाना नसून 'ईस्टर एगर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्र वंशाच्या आहेत. वसंत ऋतूत पशुखाद्याच्या दुकानांत मिळतेजुळते नाव लावून जी पिल्ले विकली जातात ती बहुधा हीच असतात. शुद्ध अमेरॉकाना ही अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने 1984 मध्ये मान्यता दिलेली जात आहे. तिचे पाय पाटीसारख्या करड्या रंगाचे असतात, गालांवर व हनुवटीखाली पिसांचे झुपके असतात आणि पिसाऱ्याचे मान्य रंग ठरलेले आहेत. तुमच्या सहाही कोंबड्यांचे रंग वेगवेगळे आणि पाय हिरवट असल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे शंकेला फारशी जागा उरत नाही. या कोंबड्या निकृष्ट आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही, कारण घरच्या अंड्यांसाठी त्या उत्तम असतात. परंतु पुढच्या पिढीच्या अंड्याच्या रंगाची हमी त्यांच्या भरवशावर देता येत नाही.

याचे कारण नीट समजून घेतले तर पुढचे सर्व निर्णय सोपे होतील. कोंबडीच्या अंड्याला निळा रंग देणारे जनुक एकच असून ते प्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप यांपैकी एकाकडून मिळाले तरी अंडे निळे होते. चिलीतील अराउकाना कोंबड्या आणि चीनमधील काही जाती यांच्यात हा गुण स्वतंत्रपणे आला. पहिल्या गुणसूत्रावरील एका जनुकाजवळ प्राचीन विषाणूचा एक तुकडा कायमचा जडल्यामुळे अंडाशयनलिकेत बिलिव्हर्डिन हे निळसर रंगद्रव्य कवचात मिसळू लागते, असे संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले. (ग्राहक विचारतीलच, म्हणून सांगतो : त्यामुळे खाणाऱ्याला कोणताही अपाय नाही आणि पोषणातही काही फरक पडत नाही.) हा निळा रंग कवचाच्या संपूर्ण जाडीत असतो. तपकिरी रंगाचे तसे नाही. तो एकाच जनुकावर ठरत नाही, अनेक जनुके मिळून तो गडद किंवा फिका करतात, आणि तो अंडे बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत, निळ्या भिंतीवर वरून रंगाचा हात द्यावा तसा, कवचाच्या बाहेरच्या बाजूस चढतो. निळ्यावर गडद तपकिरी चढला की आपल्याला ऑलिव्ह रंग दिसतो.

आता तुमचा संकर पाहा. ईस्टर एगर कोंबडी निळसर अंडे देते याचा अर्थ तिच्याकडे निळ्या जनुकाची किमान एक प्रत आहे. आई आणि बाप दोघांकडून मिळालेल्या दोन्ही प्रती आहेत की नाहीत हे अंड्याकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. तुमच्या मारान्स कोंबड्याकडे ते जनुक नाहीच. कोंबडीकडे एकच प्रत असेल तर तिच्या निम्म्या लेकींना ती मिळते आणि निम्म्यांना मिळत नाही, आणि न मिळालेल्या लेकी साधी तपकिरी अंडी देतात. तुमच्या ग्राहकांकडे नेमके हेच घडले असावे. खात्री करून घेण्यासाठी त्यांना एक तपकिरी अंडे फोडून, आतील पातळ पापुद्रा काढून, कवचाची आतली बाजू उजेडात पाहायला सांगा. ती निळसर असेल तर तलंगेला निळे जनुक मिळालेले आहे आणि तिच्या अंड्यावर फक्त तपकिरी थर फार जाड चढतो आहे; ती पांढरी असेल तर जनुक मिळालेलेच नाही. दुसरी गोष्ट खरी ठरल्यास त्या दोघांना पैसे परत द्यावेत किंवा पुढच्या हंगामातील पिल्ले विनामूल्य द्यावीत, आणि कारणही मोकळेपणाने सांगावे. पिल्लू विकल्यानंतर त्याच्या अंड्याचा रंग दिसायला सहा ते आठ महिने जातात, ग्राहक तोपर्यंत खाद्य आणि जिव्हाळा दोन्ही घालून बसलेला असतो, म्हणून या व्यवसायात विक्रेत्याचा शब्द हाच खरा माल असतो असे मी मानतो.

दोन चुकीच्या वाटा आधीच सांगून ठेवतो. पहिली म्हणजे ऑलिव्ह अंडी देणाऱ्या तलंगा आणि त्यांचेच भाऊ यांची आपसांत पैदास करणे. तसे केल्यास चारांपैकी सरासरी एका पिल्लाला निळे जनुक अजिबात मिळत नाही आणि उरलेल्यांतही रंगांचा मेळ राहत नाही. दुसरी म्हणजे अधिक गडद रंगाच्या हव्यासाने ऑलिव्ह कोंबडीला पुन्हा मारान्स कोंबड्याकडे देणे. त्यातून काही अंडी शेवाळी, फार सुंदर मिळतात हे खरे, परंतु निम्म्या लेकी तपकिरीकडे जातात. हा प्रयोग घरासाठी अवश्य करावा. हमी देऊन विकू नये. विक्रीसाठी दरवर्षी शुद्ध आई आणि शुद्ध बाप यांची पहिली पिढीच तयार करणे हाच मार्ग मला प्रामाणिक वाटतो.

त्यासाठी तुमचा मारान्स कोंबडा तसाच ठेवा आणि त्याच्यासाठी क्रीम लेगबार जातीच्या आठेक कोंबड्या आणा, असा माझा सल्ला आहे. ही जात इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे पनेट आणि पीझ या आनुवंशशास्त्रज्ञांच्या कामातून घडली. ती निळी अंडी देते आणि तिच्या पिसांवर आडव्या पट्ट्यांचे जे जनुक असते ते लिंगाशी जोडलेले असते. कोंबडी आपले हे जनुक फक्त मुलग्यांना देते, मुलींना देऊच शकत नाही. त्यामुळे लेगबार कोंबडी आणि पट्टे नसलेला ब्लॅक कॉपर मारान्स कोंबडा यांच्या संकरात नर पिल्लांच्या काळ्या डोक्यावर फिकट ठिपका दिसतो आणि मादी पिल्लांच्या डोक्यावर तो नसतो. पिल्ले सुकून फुलली की पहिल्याच दिवशी नर आणि मादी वेगळे करता येतात, आणि तुमच्या पत्रातील सर्वांत अवघड प्रश्न त्यामुळे निदान वेळेवर समोर येतो. हा संकर उलटा करू नका : लेगबार कोंबडा आणि मारान्स कोंबडी घेतली तर सर्वच पिल्लांच्या डोक्यावर ठिपका येईल आणि ओळख पटणार नाही.

लेगबार कोंबड्या घेतल्यावरही त्यांच्याकडे निळ्या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत याची चाचणी करून घ्या. अमेरिकेत पक्ष्यांची डीएनए चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा टपालाने नमुना मागवून ही तपासणी करतात, आणि हा खर्च टाळण्यासारखा नाही. एकच प्रत असलेली कोंबडी निघाली तर तिला खाण्याच्या अंड्यांसाठी ठेवा, पैदाशीच्या खुराड्यात नको. तुमच्या जुन्या सहा कोंबड्यांचीही हीच चाचणी करता येईल; एखादी दोन्ही प्रतींची निघाली तर तिची पिल्ले ऑलिव्ह म्हणून विकायला हरकत नाही, मात्र त्यांत नर-मादी पहिल्या दिवशी ओळखता येणार नाहीत. तुऱ्यावरून अंदाज बांधण्याची एक जुनी रीतही आहे. अमेरॉकाना वंशात वाटाणा तुऱ्याचे जनुक आणि निळ्या अंड्याचे जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी असल्यामुळे, एकेरी उभ्या तुऱ्याच्या मारान्सशी संकर केल्यावर ज्या पिल्लाचा तुरा बसका, वाटाण्याच्या धाटणीचा येतो त्याला निळे जनुकही मिळालेले असण्याची शक्यता मोठी असते. परंतु दुकानातून आलेल्या ईस्टर एगरमध्ये ही जोडी पूर्वीच तुटलेली असू शकते, आणि लेगबारचा तुरा मुळातच एकेरी असल्यामुळे तिच्या बाबतीत या रीतीचा काहीच उपयोग नाही. अंदाज म्हणून ती ठीक आहे, हमी म्हणून नाही.

कोंबड्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात, कारण तो अंडे देत नाही. ऑलिव्ह रंगाची गडद छटा मात्र बहुतांशी त्याच्याकडूनच येते. तो ज्या अंड्यातून निघाला ते किती गडद होते हे त्या जाणकाराला विचारा. मारान्सच्या अंड्यांसाठी फ्रान्समधील मंडळाचा 1 ते 9 असा रंगतक्ता आहे आणि त्यात किमान 4 ही पायरी गाठलेले अंडेच जातीचे मानले जाते. कोंबडा फिक्या अंड्यातून आलेला असेल तर तुमची पिल्ले ऑलिव्हऐवजी साधी हिरवी अंडी देतील. शिवाय गडद रंग वर्षभर सारखा टिकत नाही. पिसे झडून नव्याने अंड्यावर आलेली कोंबडी सर्वांत गडद अंडी देते आणि हंगाम पुढे सरकतो तसा रंग उतरत जातो. म्हणून जाहिरातीत एकाच सुंदर अंड्याचे छायाचित्र टाकू नका. फिके, मध्यम आणि गडद असे तीन नमुने दाखवा आणि "हिरव्यापासून ऑलिव्हपर्यंत" असे लिहा.

दुसरा कोणताही कोंबडा या कोंबड्यांमध्ये वावरला असेल तर त्याला वेगळे केल्यानंतर किमान तीन आठवडे, शक्यतो चार, अंडी उबवणीसाठी घेऊ नका, कारण कोंबडीच्या शरीरात नराचे बीज इतके दिवस टिकून राहू शकते. उबवणीचे यंत्र तुम्ही वापरलेच आहे, त्यामुळे 21 दिवस, पंखा असलेल्या यंत्रात 99.5 अंश फॅरनहाइट आणि 18 व्या दिवशी अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता वाढवणे, हे सारे पुन्हा सांगत नाही. प्रत्येक पिल्लाच्या पायात आई-बापाची नोंद दर्शवणारे कडे घाला, वही ठेवा, आणि प्रत्येक हंगामातील चार-पाच मादी पिल्ले स्वतःकडे वाढवा. त्यांची अंडी पाहिल्याशिवाय, आपण काय विकले हे तुम्हालाच कळणार नाही.

आता नर पिल्लांविषयी, आणि येथे मला स्पष्ट बोलावे लागेल. 200 पिल्लांपैकी सुमारे 100 नर असतील. उबवणीत टाकलेल्या अंड्यांपैकी पाऊण भागातून पिल्ले निघतील असे धरले तर 200 पिल्लांसाठी सुमारे 267 अंडी लागतील, म्हणजे आठ कोंबड्यांची आठ-नऊ आठवड्यांची अंडी. मादी पिल्ले 12 डॉलरला गेली आणि नर कसेबसे 2 डॉलरला गेले तर हाती 1400 डॉलर येतात, 2400 नव्हेत. त्यातून खाद्य, वीज, चाचण्या, तपासणी आणि परत करावी लागणारी रक्कम वजा जाईल. आणि ते 2 डॉलर देणारा माणूस नर पिल्लू मांसासाठीच नेणार आहे. प्रेमाने पाळण्यासाठी 100 कोंबडे नेणारी घरे मिळत नाहीत. अनेक वस्त्यांत कोंबडा ठेवायलाच मनाई असते आणि प्राण्यांची आश्रयस्थाने नको असलेल्या नरांनी आधीच भरलेली आहेत. तुमच्या घरातल्या अटीबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु आपल्या दारात मारायचे नाहीत आणि दुसऱ्याच्या दारात काय होते ते पाहायचे नाही, असा तिचा अर्थ होणार असेल तर त्या मुक्या जिवांच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. नर पिल्ले चार महिने चांगल्या रीतीने वाढवून खाण्यासाठी नेणारे एखादे ओळखीचे कुटुंब तुम्हाला चालणार असेल, आणि घरातल्या सर्वांनी ते उघडपणे मान्य केले असेल, तरच पिल्लांच्या व्यवसायात उतरा.

ते मान्य होत नसेल तर दुसरा मार्ग आहे आणि तो कमीपणाचा नाही : पिल्ले विकू नका, खाण्याची रंगीत अंडी विका. लेगबारची निळी, मारान्सची गडद तपकिरी, तुमच्या ईस्टर एगरची हिरवट आणि लेगहॉर्नची पांढरी अशी बारा अंड्यांची पेटी लोक आवडीने नेतात. त्यासाठी कोंबड्याची गरज नाही आणि नको असलेली पिल्लेही जन्माला येत नाहीत. मात्र या कोंबड्या नर-मादी ओळखून विकणाऱ्याकडूनच घ्याव्या लागतील आणि त्यांच्या भावांचे काय झाले हा प्रश्न तिथेही उरतोच, हे लपवण्यात अर्थ नाही. मार्च 2025 मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव 6.23 डॉलर या विक्रमी पातळीवर गेला होता. भाव पुढे उतरला, तरी घरगुती अंडी घेणारा ग्राहक ताजेपणासाठी आणि रंगासाठी येतो, तो सहसा टिकतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. पिल्ले किंवा उबवणीची अंडी राज्याबाहेर द्यायची असतील तर राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजनेखाली, म्हणजे जिला सगळे 'एनपीआयपी' म्हणतात तिच्याखाली, कळपाची पुलोरम आणि टायफॉइड या कोंबड्यांच्या रोगांसाठी तपासणी झालेली असावी लागते. 1930 च्या दशकापासून ही योजना चालू आहे आणि लहान कळपांनाही तिच्यात सहभागी होता येते. राज्यांतर्गत विक्रीचे आणि खाण्याच्या अंड्यांचे नियम तुमच्या काउंटीतील कृषी विस्तार कार्यालयात विचारा. नॉर्थ कॅरोलायनात प्रत्येक काउंटीत ते आहे. तुमच्या पत्रात व्हिसाचा उल्लेख नाही, म्हणून आणखी एक गोष्ट आवर्जून लिहितो. तुम्ही एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर असाल आणि स्वतंत्र काम-परवाना नसेल, किंवा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असून दुसऱ्या कंपनीत नोकरी करत असाल, तर स्वतःचा व्यवसाय म्हणून पिल्ले विकणे हे अनधिकृत काम ठरू शकते. रक्कम लहान आहे म्हणून नियम बदलत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसल्यास पहिले पिल्लू विकण्याआधी स्थलांतराच्या वकिलाचा सल्ला घ्या. गेल्या वसंतातील विक्रीही त्यांना सांगा.

रोगाच्या बाबतीत दुर्लक्ष परवडणारे नाही. फेब्रुवारी 2022 पासून अमेरिकेत पसरलेल्या बर्ड फ्लूने व्यावसायिक आणि परसातले असे दोन्ही प्रकारचे कळप संपवले आहेत. खाद्य आणि पाणी रानपक्ष्यांच्या आवाक्याबाहेर, छताखाली ठेवा, खुराड्यासाठी वेगळे बूट वापरा आणि पिल्ले न्यायला येणाऱ्या ग्राहकाला खुराड्यापर्यंत नेऊ नका. व्यवहार फाटकाजवळ करावा. मरेक्स या कोंबड्यांच्या विषाणुजन्य रोगाची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यायची असते. ती दिली आहे की नाही हे ग्राहकाला लिहून द्या. लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका आणि हात साबणाने धुवायला लावा, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालील मुलांना तर पिल्ले हाताळूच देऊ नयेत.

भावासाठी अंडी सामानातून नेण्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्या. भारतात जिवंत पक्षी आणि उबवणीची अंडी आणायला केंद्र सरकारचा स्वच्छताविषयक आयात परवाना लागतो, आणि घरगुती चार अंड्यांसाठी तो मिळवणे व्यवहार्य नाही. हा नियम केवळ कागदी नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला होता. तिथल्या पोल्ट्रीधारकांनी लाखो पक्षी डोळ्यांदेखत नष्ट होताना पाहिले. तुमच्या भावाच्या शेजाऱ्याचा चरितार्थ कदाचित कोंबड्यांवरच चालत असेल, हे लक्षात असू द्या.

भावाला गावरान अंड्यांचा चांगला भाव मिळवायचा असेल तर निळ्या रंगाची गरजही नाही. परसबागेसाठी तयार केलेले वनराज, गिरिराज आणि ग्रामप्रिया हे वाण तपकिरी अंडी देतात आणि गावच्या हवेत तग धरतात. पिल्लांसाठी त्याने पुणे किंवा कोल्हापूर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करावी. कडकनाथ घेण्याचा मोह त्याला होईल, तेव्हा एवढे त्याला आधीच कळवा की कडकनाथचे मांस काळे असले तरी तिचे अंडे फिकट तपकिरी किंवा मळकट पांढऱ्या रंगाचेच असते, आणि काळी अंडी दाखवून कोणी पिल्लांचे पैसे आगाऊ मागत असेल तर तिथून उठून यावे.